घरात कुणाला होतं का

पाटण,
८ सप्टेंबर १९९६

चि. दर्शू हिस सोपानमामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू दिलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्या काल संपल्या. एकबी चुकवली न्हाई. तुझी मामी सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून गिळायला लावायची. तोंडाला तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव. तिसऱ्या दिवशी शौचाला काळंभोर झालं तवा मी घाबरलो, वाटलं आतून रक्त जातंय. मामीनं तुझा कागद काढून दाखवला, "हे बघा, काळं होणार म्हणून पोरीनं आधीच लिहिलंय." मग जिवात जीव आला.

सांगलीला तुझ्या डॉ. शिरगुप्पींनी घशातून दुर्बीण घातली, पोटातला व्रण बघितला आन् तिथला बारका तुकडा पिवळ्या औषधात टाकला. तो डोळ्यांदेखत गुलाबी झाला. तू म्हणालीस, "मामा, जंतू आहे, त्यानंच पोट खराब केलंय." अकरा वर्षं मी समजत होतो की तिखटानं होतंय. खांबावर चढायच्या आधी बिस्किटाचा अर्धा पुडा खाल्ल्याशिवाय मला वर जाता येत नव्हतं, पोट रिकामं राहिलं की आग पडायची. सगळ्या वीजबोर्डात मला 'बिस्किट वायरमन' म्हणतात.

आज भाकरी आन् खरडा खाल्ला. काई झालं न्हाई. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं, खरडा तिनंच कुटला होता म्हणून असंल.

तुझ्या आईला सांग, तिची लेक डॉक्टर झाल्याचा पहिला फायदा तिच्या दादाला झाला.

तुझा,
सोपानमामा

*

सांगली,
३० ऑक्टोबर १९९६

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

मंगळवारी पुन्हा दुर्बीण केली त्याचा निकाल कळवते. या वेळी तुकडा पिवळाच राहिला. जंतू गेला, व्रणही भरला. तुम्ही औषध इतकं नेमानं घेतलंत की डॉक्टर मला म्हणाले, "असा पेशंट महिन्यातून एक मिळाला तरी पुरे."

त्यांचं म्हणणं आहे की वर्षातून एकदा दाखवून जावं. नुसती खबरदारी. आणि तंबाखू सोडा. हे मात्र नुसतं म्हणणं नाही, माझी विनंती आहे.

परीक्षा जवळ आली आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून बसते, खोलीवर आले की भिंतीवरही गोल गोल पेशी दिसतात. आई पलूसहून दर रविवारी डबा पाठवते. मामींना नमस्कार.

तुमची,
दर्शू

*

पाटण,
१६ नोव्हेंबर १९९७

चि. दर्शूस जयभीम.

परीक्षा पास झालीस, आता काचपट्टी वाचणारी पक्की डॉक्टर झालीस. तुझी आई शालू हिचं पत्र आलं होतं, चार ओळींत तीन वेळा तेच लिहिलंय.

तू दोनदा लिहिलंस, वर्ष झालं, दाखवून जा. गडबड कशाला? माझं वजन सहा किलो वाढलंय. मोरगिरीच्या अंगाला नवी लाईन ओढायचं काम चालू हाय, दोन माणसं कमी हायत, रजा मागायला तोंड न्हाई. दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग धडधाकट माणसानं नळी कशाला गिळायची? तुझ्या डॉक्टरला माझा नमस्कार सांग आन् म्हणावं, तुमी जंतू मारला, माझं काम झालं.

तंबाखू निम्म्यावर आणलीय. मामीला विचार.

सोपानमामा

*

सांगली,
२३ नोव्हेंबर १९९७

ती. मामा,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. वर्षभर तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. आता सांगते.

पहिल्या तपासणीत तुमच्या पोटातून घेतलेले तुकडे मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. जठराच्या आतल्या अस्तरात दोन जागी पेशी बदललेल्या आहेत. जठराच्या पेशी जठरासारख्या दिसायला हव्यात, तिथं त्या आतड्यासारख्या दिसतात. एक खास रंग टाकला की त्यांच्यात निळे थेंब उठतात. जंतू खूप वर्षं पोटात राहिला की असं होतं.

हा कॅन्सर नाही. असं अस्तर असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. पण ज्यांना पोटाचा कॅन्सर होतो, त्यांच्यातल्या पुष्कळांत आधी हाच बदल झालेला असतो. जंतू मेला म्हणजे धोका कमी झाला, संपला नाही. म्हणून वर्षातून एकदा या.

डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, "मामांना नीट समजावून सांग." पण दुसऱ्या दुर्बिणीच्या दिवशी स्टँडवर तुम्ही मिसळ मागवलीत आणि रिकामी बशी मला अशी दाखवलीत की मी विषयच बदलला. लहानपणी तापात तुम्ही मला पाठीवर घेऊन पाटणच्या दवाखान्यात नेलं होतं. तुम्हाला घाबरवायचा मला धीर झाला नाही.

एक विचारायचं आहे. घरात कुणाला होतं का? आई-बाप, भाऊ-बहीण, अशा जवळच्या माणसाला पोटाचा कॅन्सर झाला असेल तर धोका वाढतो, आणि डॉक्टर लवकर बोलावतात. आई म्हणते, आजोबा कोयनेच्या भूकंपात भिंत पडून, आत मार लागून गेले. तुम्ही तिच्याहून मोठे, तुम्हाला जास्त आठवत असेल.

तुमची,
दर्शू

*

पाटण,
५ डिसेंबर १९९७

दर्शू,

पत्र पोचलं. खांबावर चढणाऱ्या माणसाला लाईन चालू हाय का बंद, ते खरं सांगायचं असतं. चालू लाईनला बंद म्हणून सांगितलं तर माणूस जातो. वर्षभर तू मला बंद म्हणून सांगितलंस. मी एकोणपन्नास वर्षांचा हाय, पोरगा न्हाई.

असं अस्तर असलेल्या शंभर माणसांत किती जणांना होतो, तेवढा आकडा लिही. बाकी समजूत नको.

घरात कुणाला नव्हतं. आप्पा भिंतीनं गेले.

तुझ्या मामीला यातलं काई ठावं न्हाई. तिला लिहू नको.

सोपान

*

सांगली,
४ जानेवारी १९९८

ती. मामा,

लाईनचं लिहिलंत ते खरं आहे. माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही.

आकड्यासाठी दोन रविवार मिरजेच्या ग्रंथालयात बसले. जे लेख मिळाले ते जपानचे आणि युरोपचे. एकात शंभरांत एक-दोन, दुसऱ्यात त्याच्या कितीतरी पट. सातारा-सांगलीच्या माणसांची मोजदाद कुणी केलेली मला सापडली नाही. जंतू मारल्यावर धोका नेमका कितीनं उतरतो, यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. म्हणून तुमचा आकडा मला लिहिता येत नाही. लिहिला तर तो माझ्या मनचा असेल.

आकड्याऐवजी डॉक्टर काय करतात ते सांगते. त्यांनी कागद घेतला आणि एकेक लिहीत गेले. वय एकोणपन्नास. तंबाखू आहे. जंतू गेला. अस्तर दोनच जागी बदललेलं. मग मला विचारलं, "घरात कुणाला?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "कुणी असतं तर आजच बोलावलं असतं. नाही ना, मग त्यांच्या कामाच्या गडबडीत ओढाताण नको. पुढच्या दिवाळीला आले तरी चालेल."

म्हणजे तुमच्या मनासारखं झालं. मोरगिरीची लाईन पुरी करा आणि दिवाळीला या.

अजून रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

तुमची,
दर्शू

*

पाटण,
१ फेब्रुवारी १९९८

चि. दर्शूस आशीर्वाद.

दिवाळीला या म्हणालीस. वाचून मला हलकं वाटायला पायजे होतं. वाटलं न्हाई. महिना झाला, जेवताना, खांबावर, एसटीत, तुझ्या डॉक्टरनं पेन खाली ठेवलं तेच डोळ्यांपुढं येतं. ते माझ्या खोट्यावर ठेवलंय.

आता खरं लिहितो.

भूकंप झाला तवा मी एकोणीस वर्षांचा होतो. आप्पा धरणाच्या कामावर होते, आमी कोयनेजवळ दगडमातीच्या घरात राहायचो. पहाटे जमीन हादरली, भिंत पडली, आप्पांच्या कुशीला मार लागला हे सगळं खरं हाय. दोन दिवसांनी जखमींच्या ट्रकमधनं मी त्यांना साताऱ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, परत दाबून बघितलं आन् मला बाहेर बोलावलं. "मार बरा होईल. पण पोटात गोळा आहे, तो भिंतीचा नाही. वर्षभराचा तरी असेल. फार उशीर झालाय." कॅन्सर हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी आत आलो. आप्पांनी तोंडाकडं बघितलं आन् म्हणाले, "सांगू नको. मला ठावं हाय. सहा महिनं झालं, काळं उलटतंय. तुझ्या आईपास्नं लपवून ठेवलंय."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"घरी सांग, भिंतीनं केलं म्हणून."

मी म्हटलं, "खोटं कशाला, आप्पा?"

"शालीचं लगीन व्हायचंय. घरात असला रोग हाय कळलं तर पोरीला कोण करून घील? भिंतीला कोण नावं ठेवत न्हाई."

दोन महिन्यांनी ते गेले. मी सगळ्यांना भिंतच सांगितली. आई तेच समजून गेली. शालूचं लगीन झालं, तुझा बाप चांगला मिळाला, तू झालीस, मला वाटलं आप्पांचं म्हणणं बरोबरच होतं. तीस वर्षांत हे मी कुणाला बोललो न्हाई, तुझ्या मामीलाबी न्हाई.

तू वर्षभर लपवलंस म्हणून मी तुला बोललो. मला काय तोंड होतं?

तुझ्या डॉक्टरला सांग, घरात होतं. बापाला होतं, सेहेचाळिसाव्या वर्षी.

सोपानमामा

*

सांगली,
४ फेब्रुवारी १९९८

ती. मामा,

तारही केली आहे, ती या पत्राआधी पोचेल. येत्या सोमवारी, नऊ तारखेला, या. आदल्या रात्री जेवणानंतर काही खाऊ नका. मामींना बरोबर आणा, आणि एसटीत बसायच्या आधी त्यांना सगळं सांगा. इथं येऊन कळायला नको.

तुमचं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "हे लिहायला माणसाला हिंमत लागते."

मी रागावलेली नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगायचं आहे.

तुमची,
दर्शू

*

सांगली,
१२ मार्च १९९८

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

ऑपरेशननंतर तुम्ही घरी सुखरूप पोचल्याचं मामींचं कार्ड मिळालं. आज मोठा रिपोर्ट आला. आमच्या लॅबच्या मोठ्या मॅडम आणि मी दोघींनी सगळ्या काचपट्ट्या पाहिल्या. माझ्या एकटीवर मी विश्वास ठेवला नाही.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला दुर्बिणीत जो नखाएवढा लालसर डाग दिसला होता, तो कॅन्सरच होता, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजची बातमी पुढची आहे. तो अस्तराच्या वरच्या थरातच होता. खाली उतरला नव्हता. ऑपरेशनमध्ये जठराच्या भागाबरोबर काढलेल्या अठरा लसिकाग्रंथी, म्हणजे ज्या वाटेनं हा रोग पसरतो त्या गाठी, तपासल्या. एकीतही काही नाही. कडाही स्वच्छ आहेत.

मी डॉक्टरांना विचारलं, दिवाळीला आले असते तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. आणि आता सांगायची गरजही नाही." इतक्या लवकर सापडलेल्या माणसांपैकी बहुतेक सगळे बरे होतात, मामा. हे मी तुमची समजूत घालायला लिहीत नाही. लाईन बंद आहे, म्हणूनच बंद लिहिते आहे.

थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खा. खांबावर इतक्यात चढू नका.

तुमची,
दर्शू

*

पाटण,
२० एप्रिल १९९८

चि. दर्शूस आशीर्वाद.

रिपोर्ट मामीनं पाच वेळा वाचला आन् डब्यात घालून ठेवला. मी आता बाळासारखं दर दोन तासांनी खातो. साहेबांनी मला ऑफिसात तक्रारवहीवर बसवलंय. फोन घ्यायचा, कुठल्या वाडीची लाईट गेली ते लिहायचं. खांबाची आठवण येते.

तुला एक सांगायचं राहिलंय. ऑपरेशननंतर दवाखान्यात तू रक्ताचा रिपोर्ट आणायला खाली गेली होतीस तवा शालू माझ्याजवळ एकटी होती. तवाच मी तिला आप्पांचं सांगितलं.

ती म्हणाली, "दादा, त्या पहाटे आप्पा घरात परत कशाला गेले, तुला ठावं हाय?"

मी म्हटलं, "न्हाई. मी आईला धरून बाहेर होतो."

"शेळी आत बांधली होती. मी रडत होते, माझी शेळी, माझी शेळी म्हणून. त्यांनी तिला सोडून बाहेर हाकललं आन् भिंत पडली. मी पंधरा वर्षांची होते. आप्पांना मी मारलं, असं समजून मी तीस वर्षं काढली."

दर्शू, माझ्या पोटाला टाके होते, मला उठता येईना. मी पडल्या पडल्या तिचा हात धरला. लगीन व्हावं म्हणून जिच्यापासनं लपवलं, तिच्याच डोक्यावर भिंत ठेवली आमी. मी म्हटलं, "शाले, मला वाटत होतं मी तुला जपतोय."

ती म्हणाली, "आप्पांनीबी तेच केलं. तुमाला कुणी सांगितलं होतं, आमाला झेपणार न्हाई म्हणून?" मग डोळे पुसले आन् मऊ भात कालवून चमच्यानं मला भरवायला लागली.

आता तिची नळी कर. ती न्हाई म्हणेल. तू ऐकू नको.

सोपानमामा

*

सांगली,
१४ फेब्रुवारी १९९९

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

मागच्या आठवड्यात वर्षाची दुर्बीण झाली, तिचे तुकडे मी पाहिले. स्वच्छ आहेत. उरलेल्या अस्तरात एका जागी ते निळे थेंब अजून दिसतात, ते बहुधा तसेच राहतील. त्यांच्यावर नजर ठेवायची. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा या.

आईचंही सगळं आटोपलं. जूनमध्ये नाही म्हणाली, ऑगस्टमध्ये नाही म्हणाली, डिसेंबरात स्वतःच उपाशीपोटी येऊन बसली. तिच्या पोटात तोच जंतू होता. चौदा दिवसांचं औषध झालं, परवा तपासलं, जंतू गेला. तिचं अस्तर चांगलं आहे, कुठं बदललेलं नाही. तिनं मला विचारलं, "म्हणजे मला होणार न्हाई?" मी म्हटलं, "खात्री देत नाही. पण शक्यता बरीच कमी झाली आणि आपण बघत राहणार." मला वाटलं होतं तसं तिला वाईट वाटलं नाही. "खरं सांगितलंस, बरं केलंस," म्हणाली आणि घरी जाऊन गाढ झोपली.

आता राहिला तुमचा राजरत्न. तो सव्वीस वर्षांचा आहे, घाबरायचं कारण नाही, पण जंतू आहे का ते एकदा बघू. त्याच्यासाठी स्थळं बघताय असं आई म्हणाली. त्याला आजोबांचं आणि तुमचं नीट सांगितलंय का?

तुमची,
दर्शू

*

पाटण,
१० मार्च १९९९

चि. दर्शूस जयभीम.

राजरत्नला सांगितलं. पोरगं ऐकून म्हणालं, "मग कवा जायचं सांगलीला?" एवढंच.

परवा तासगावला त्याच्यासाठी मुलगी बघून आलो. नीलिमा नाव हाय, बालवाडीवर शिकवते. बाप महेंद्र कांबळे, बेदाण्याच्या शेडवर मुकादम हाय. बोलणं बरं चाललं होतं. त्यांनी पोहे पुढं केले, मी चार घास खाऊन बशी ठेवली. ते म्हणाले, "का हो, आवडलं न्हाई?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. गाडीत ती म्हणाली होती, आधी जमू दे, मग सांगू. मला एकदम साताऱ्याचा तो दवाखाना आठवला. मी म्हटलं, "पोहे चांगले हायत. माझं अर्धं पोट काढलंय. कॅन्सर होता, वेळेत सापडला. माझे वडीलबी त्यानंच गेले. पोराला अजून काई न्हाई, पण त्यालाबी तपासून घेणार हाय. तुमची लेक आमच्या घरी यायची, तर तुमाला ठावं असावं."

आतनं भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मला वाटलं, उठावं आता. तेवढ्यात ते गृहस्थ खुर्ची ओढून माझ्याजवळ आले आन् हळू आवाजात म्हणाले, "नीलिमाच्या आईला दोन वर्षं झाली, जेवलं की छातीखाली आग पडते. आमी सोडा देतोय. तुमी कुठं दाखवलं?"

तुझा पत्ता मी त्यांना लिहून दिला. ते दोघं सोमवारी येतील. बाईचं नाव प्रमिला हाय, घाबरट हाय, तिला आधी चहा पाज आन् मग काय ते सरळ सांग. नळी घालायची असंल तर नळी म्हण.

होकार कालच आला. लगीन मे महिन्यात धरलंय. त्याच्या आधी, याच महिन्याच्या वीस तारखेला, मी राजरत्नला घेऊन येतोय. नीलिमानं निरोप पाठवलाय, तिलाबी सोबत यायचंय आन् काचपट्टी बघायचीय. दाखव तिला.

तुझा,
सोपानमामा